पत्र लिहून घेण्याआधी प्रश्न विचारून घ्या

कोल्हापुरातील कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात मी बरीच वर्षे काम करते आहे आणि नोकरीसाठी आलेले अर्ज वाचणे हा माझ्या दिवसाचा ठरलेला भाग आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखादी जागा निघाली की आयटीआय झालेले, शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा घेतलेले आणि शिवाजी विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून पदवी मिळवलेले तरुण अर्ज पाठवतात. बायोडाटासोबत आता बहुतेक जण कव्हर लेटरही जोडतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर या पत्रांचे रूप माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेले. पूर्वी सायबर कॅफेतल्या तयार नमुन्यात नाव-गाव बदलून पत्र येत असे आणि त्यात इंग्रजीच्या चुका असत. आता चुका नसतात, परिच्छेद नेटके असतात, शब्द भारदस्त असतात. मात्र पत्र वाचून संपल्यावर अर्जदार कोण आहे, त्याने आजवर नेमके काय काम केले आहे आणि त्याला हीच जागा का हवी आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर हाती लागत नाही.

चॅटजीपीटीसारख्या एआय सहायकाची मदत घेण्याला माझा विरोध नाही, उलट ती घ्यावी असेच मी आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींना सांगते. ज्याच्या घरात इंग्रजीत पत्र लिहिणारे कोणी नाही, ज्याला पुण्यातल्या कंपनीला काय मायना लिहावा हे सांगणारे कोणी नाही, त्याच्यासाठी हे साधन फार मोलाचे आहे. माझा आक्षेप कामाच्या क्रमाला आहे. मुले आधी पत्र मागतात आणि मग त्यात आपली माहिती बसवतात. क्रम उलटा केला, म्हणजे सहायकाला पत्र लिहू न देता आधी आपल्याला प्रश्न विचारायला लावले, तर तेच साधन त्या माणसाचे स्वतःचे पत्र लिहायला मदत करते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

असे का होते, हे समजण्यासाठी ही साधने कशी चालतात याची थोडी माहिती असणे आवश्यक आहे. भाषेचे मॉडेल प्रचंड मजकुरावर तयार झालेले असते आणि आतापर्यंतच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता किती, याचा हिशेब करत ते मजकूर पुढे नेते. त्यानंतर माणसांनी दिलेल्या पसंतीच्या आधारे त्याला आणखी वळण लावले जाते आणि त्यातून ते सभ्य, गुळगुळीत, कोणालाही न खटकणाऱ्या भाषेकडे झुकते. ‘क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी कव्हर लेटर लिहून दे’ एवढेच त्याला सांगितले, तर त्याच्याजवळ अर्जदाराची कोणतीही माहिती नसते. तेव्हा अशा जागेसाठी जगभर जशी पत्रे लिहिली जातात त्यांची सरासरी ते समोर ठेवते. एकाच पॅटर्नवर साचे भरले की प्रत्येक कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, सारखाच निघणार, त्यात भट्टीचा दोष नाही. ही सरसकट छाप केवळ नोकरीच्या पत्रांपुरती नाही. वैद्यकीय संशोधनाच्या गोषवाऱ्यांत ‘डेल्व्ह’ (खोलात शिरणे) यासारखे काही इंग्रजी शब्द २०२३ नंतर एकाएकी वाढल्याचे अभ्यासकांनी मोजून दाखवले आहे. शास्त्रज्ञांचे लेखनही जर एकसारखे होऊ लागते, तर पहिल्या नोकरीसाठी धडपडणाऱ्या मुलाचे पत्र त्यातून कसे सुटेल?

दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेणे आपल्याकडे नवीन नाही. तहसील कचेरीच्या आवारात बसणाऱ्या अर्जनवीसाकडून आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने कितीतरी अर्ज लिहून घेतले आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. मात्र तो अर्जनवीस लेखणी उचलण्याआधी विचारत असे: नाव काय, गाव कोणते, गट नंबर कोणता, पाणी कधीपासून बंद आहे, साक्षीला कोण आहे? उत्तर अर्धवट असेल तर तो माणसाला परत पाठवत असे. अर्जाची भाषा त्याची असली तरी अर्जातली हकीकत अर्ज करणाऱ्याचीच असे. एआय सहायक मात्र आपण होऊन क्वचितच अडवतो. माहिती अपुरी असली तरी तो पत्र पूर्ण करून देतो आणि ते इतके सुबक दिसते की काही राहून गेले आहे अशी शंकाही येत नाही.

गेल्या काही काळात मी ज्यांना पत्रे लिहायला मदत केली, त्यांपैकी राधानगरी तालुक्यातल्या एका मुलीचे उदाहरण येथे सविस्तर सांगते. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या या मुलीला एका दुग्धप्रकल्पाच्या प्रयोगशाळेत सहायकाच्या जागेसाठी अर्ज करायचा होता आणि अर्ज मराठीतच मागवलेला होता. तिने मोबाइलवर सहायकाकडून पत्र तयार करून आणले होते. ‘आपल्या नामांकित संस्थेत माझ्या ज्ञानाचा व कौशल्यांचा प्रभावी वापर करण्यास मी अत्यंत उत्सुक आहे. गुणवत्तेप्रती असलेली माझी बांधिलकी आणि सूक्ष्म निरीक्षणक्षमता आपल्या संस्थेच्या यशात मोलाची भर घालेल, असा मला ठाम विश्वास आहे,’ अशी त्यातली वाक्ये होती. मी तिला विचारले, ‘यातले कोणते वाक्य तुझ्या वर्गातल्या दुसऱ्या मुलीला लागू होणार नाही?’ तिने दोनदा वाचले आणि म्हणाली, ‘एक पण नाही ओ मॅडम.’

मग आम्ही ते पत्र बाजूला ठेवले आणि सहायकाला नव्याने सूचना दिली. ती मी येथे जशीच्या तशी देते, कारण ती कोणालाही वापरता येईल: ‘मला दुग्धप्रकल्पाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून अर्ज करायचा आहे. जाहिरात खाली दिली आहे. तू लगेच पत्र लिहू नकोस. आधी मला एका वेळी एकच प्रश्न विचार. माझे उत्तर मोघम असेल तर त्याच गोष्टीबद्दल पुन्हा विचार. मी कोणते काम केले, कशाने केले, कोणती अडचण आली आणि मी काय केले, हे माझ्याकडून काढून घे. मी न सांगितलेली कोणतीही गोष्ट स्वतःहून घालू नकोस.’ शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे आणि पत्राचा मसुदा मागताना ते पुन्हा लिहावे, कारण लांबलेल्या संभाषणात सुरुवातीच्या सूचनेचा जोर कमी होतो.

पहिल्या दोन-तीन प्रश्नांना तिने विषय आणि टक्केवारी सांगितली. पुढचा प्रश्न आला: ‘महाविद्यालयाबाहेर तुम्ही दुधाशी संबंधित काही काम केले आहे का?’ तिने ‘नाही’ असे टाइप केले. मला ठाऊक होते की ती गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळच्या संकलनाला बसत असे. मी तसे म्हटल्यावर ती म्हणाली, ‘ते होय! ते बारकं काम होतं ओ मॅडम, त्याचं काय लिहायचं?’

आपल्या भागातल्या किती मुलामुलींची पत्रे या एका वाक्यापाशी अडतात, हे मी सांगू शकणार नाही. घरच्या गोठ्यातले, भावाच्या वर्कशॉपमधले, गावच्या संस्थेतले काम हे त्यांना अनुभव वाटतच नाही, कारण त्याचे प्रमाणपत्र मिळालेले नसते. शिवाय स्वतःच्या कामाविषयी बोलणे म्हणजे बढाई मारणे, अशी शिकवण घरातून मिळालेली असते. मग सांगण्यासारखे काही नाही असे समजून ते सारे काही सहायकावर सोपवतात आणि तो त्यांच्या तोंडी खरीखुरी बढाई घालतो. बोलायला संकोच करणाऱ्या मुलीच्या पत्रात ‘मोलाची भर’ आणि ‘ठाम विश्वास’ येतो, तो असा.

तिने ‘नाही’ खोडले आणि दूध संस्थेतल्या कामाबद्दल लिहिले. तेथून प्रश्नांना धार आली. तुम्ही कोणत्या चाचण्या करत होता? फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक). आकडा संशयास्पद वाटला तर काय करत होता? लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजणारे साधन) पुन्हा लावून, दुधाचे तापमान बघून आकडा दुरुस्त करून घ्यायचा. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रमाणावर ठरतो, त्यामुळे थोडा फरक पडला तरी शेतकऱ्याचे पैसे कमी होतात आणि तो काउंटरवर भांडतो, हेही तिने लिहिले. उन्हाळ्यात काय वेगळे होत असे? उन्हाळ्यात दूध फाटायचे. संशय आला की थोडे दूध नळीत घेऊन उकळून बघायचे. मग तुम्ही काय केले? येथे ती थोडी थांबली आणि मग तिने जे लिहिले ते वाचून मला मनापासून आनंद झाला. कोणाच्या कॅनमधले दूध फाटते याची तिने वहीत नोंद ठेवली होती आणि त्यातल्या बहुतेक नोंदी एका लांबच्या वस्तीच्या निघाल्या होत्या, कारण तेथले दूध सर्वांत जास्त वेळ वाटेत राहत असे. तिने ती वही सचिवांना दाखवली आणि त्यांनी त्या वस्तीचे संकलन आधी करायला सुरुवात केली.

हे सगळे तिला ठाऊक होते. ते पत्रात येण्याजोगे आहे, एवढेच तिला ठाऊक नव्हते. यानंतर सहायकाने लिहिलेल्या मसुद्यातली विशेषणे आम्ही दोघींनी काढली, दोन वाक्ये तिने स्वतः बदलली आणि पत्राचा मुख्य भाग असा झाला:

‘बी.एस्सी. करत असताना मी आमच्या गावच्या दूध संस्थेत दूध तपासणीचे काम केले. फॅट व एसएनएफ काढणे, लॅक्टोमीटरच्या आकड्यात तापमानानुसार दुरुस्ती करणे आणि उन्हाळ्यात संशयास्पद दूध उकळून तपासणे ही माझी रोजची कामे होती. एप्रिल-मे महिन्यांत दूध फाटण्याचे प्रमाण वाढले, तेव्हा कोणत्या कॅनमधील दूध फाटते याची मी नोंद ठेवली. बहुतेक नोंदी एकाच लांबच्या वस्तीच्या असल्याचे दिसल्यावर मी त्या सचिवांना दाखवल्या आणि त्यांनी त्या वस्तीचे संकलन आधी सुरू केले. मोठ्या प्रयोगशाळेतील उपकरणांवर मी अद्याप काम केलेले नाही. प्लेट काउंटचे प्रात्यक्षिक मात्र महाविद्यालयात केलेले आहे.’

प्लेट काउंट म्हणजे जिवाणूंची संख्या मोजण्याची चाचणी. त्याआधीच्या, उपकरणांविषयीच्या वाक्याला सहायकाचा विरोध होता. उणीव सांगू नका, त्याऐवजी ‘नवीन उपकरणे शिकण्यास मी उत्सुक आहे’ असे लिहा, असे त्याने सुचवले. आम्ही ते मानले नाही. अर्ज वाचणाऱ्याला हे प्रकरण मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत कळणारच असते आणि ज्या पत्रात एक मर्यादा सरळ सांगितलेली असते, त्यातल्या इतर दाव्यांवर माझ्यासारखी माणसे अधिक विश्वास ठेवतात. सहायकाचा सल्ला हा सर्वसाधारण सल्ला असतो. तो ऐकावा, त्याचे कारणही विचारावे आणि पटला नाही तर बाजूला ठेवावा.

न सांगितलेली गोष्ट घालू नये, या सूचनेवर मी इतका भर देते त्याला कारण आहे. एका डिप्लोमाधारक मुलाने मशीन शॉपच्या इन्स्पेक्शन विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले होते. त्याच्या पत्रात ‘प्रक्रियेत सुधारणा करून रिजेक्शन ३० टक्क्यांनी घटवले’ असे वाक्य होते. मुलाखतीत त्याला विचारण्यात आले की आधी रिजेक्शन, म्हणजे नाकारलेल्या मालाचे प्रमाण, किती होते, कोणत्या पार्टचे होते आणि ब्लोहोलमुळे (ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळीमुळे) होते की मशीनिंगमुळे. त्याला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, कारण तो आकडा त्याचा नव्हताच. परिणाम आकड्यांत सांगावा असा सल्ला इंटरनेटवर सर्वत्र असल्यामुळे सहायकाने तेथे एक शोभेसा आकडा घालून दिला होता आणि तो इंग्रजीत इतका सहज बसला होता की मुलाने त्याकडे पाहिलेच नाही. खरे तर तो मुलगा बोअर गेजने (छिद्राचा आतला व्यास मोजण्याच्या साधनाने) माप घेण्यात अतिशय काटेकोर होता आणि कास्टिंगचे दोष वेगवेगळे लिहून ठेवण्याची शिस्त त्याला लागलेली होती. ‘प्रत्येक पाळीत नाकारलेल्या कास्टिंगची ब्लोहोल, सँड इन्क्लूजन आणि मापातील फरक अशी वेगळी नोंद मी ठेवत असे’ हे वाक्य त्याच्या तोंडी शोभले असते आणि त्यावर तो अर्धा तास बोलूही शकला असता. मसुदा हाती आला की त्यातला प्रत्येक आकडा, प्रत्येक यंत्राचे व सॉफ्टवेअरचे नाव आणि ‘नेतृत्व केले’, ‘घडवून आणले’ असे प्रत्येक क्रियापद बोट ठेवून तपासावे.

इंग्रजी पत्राविषयीही थोडे सांगितले पाहिजे. आपली मुले मराठीत विचार करतात, पण सहायकाशी मोडक्या इंग्रजीत बोलतात, कारण यंत्राला इंग्रजीच कळते असा समज आहे. इंग्रजीत लिहिताना शब्द अडतात, उत्तरे आखूड होतात आणि तपशील तेथेच गळतो. त्यापेक्षा मराठीत, हवे तर बोलून टाइप करण्याच्या सोयीने, भरभरून सांगावे आणि पत्र मात्र इंग्रजीत मागावे. या साधनांचे मराठी त्यांच्या इंग्रजीइतके पक्के नाही आणि आपली कोल्हापुरी बोली तर त्यांना काही वेळा अजिबात उमगत नाही. म्हणून पत्र लिहिण्याआधी ‘मी सांगितलेले तुला काय समजले ते मराठीत मुद्द्यांनिशी सांग’ असे म्हणावे. अनुवादात काय निसटले ते तेथेच लक्षात येते. इंग्रजी मसुद्यातला जो शब्द आपण स्वतः कधी बोलत नाही किंवा ज्याचा अर्थ विचारल्यास सांगता येणार नाही, तो बदलून साधा शब्द मागून घ्यावा. पत्रातले इंग्रजी आणि मुलाखतीतले इंग्रजी यांत फार अंतर पडले तर समोरच्या माणसाला पत्र परके वाटू लागते. साधे, छोट्या वाक्यांचे इंग्रजी कोणत्याही कारखान्यात चालते.

कंपनीच्या स्तुतीचा परिच्छेद मी तर सरळ काढून टाकायला सांगते. ‘आपल्या संस्थेची नावीन्याची परंपरा’ हे शब्द उद्यमनगरातल्या दहा माणसांच्या वर्कशॉपलाही लिहून येतात आणि मोठ्या समूहालाही. त्याऐवजी त्या कंपनीबद्दल एक खरी गोष्ट शोधावी: ते पंपाचे भाग करतात की ट्रॅक्टरचे, ग्रे आयर्न ओततात की एसजी आयर्न (हे बिडाचे दोन प्रकार), नवीन मशीन शॉप सुरू केले आहे का. सहायक येथेही चुकीची माहिती खात्रीच्या सुरात देऊ शकतो, म्हणून कंपनीची वेबसाइट पाहावी आणि कोल्हापुरात तर ओळखीचे कोणी ना कोणी त्या कारखान्यात असतेच, त्याला विचारावे. त्या एका गोष्टीशी आपले काम जोडणारे एक वाक्य लिहिले की तेवढे पुरे होते.

लग्न, बाळंतपण किंवा घरातल्या आजारपणामुळे नोकरीत खंड पडलेल्या स्त्रिया माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या पत्रांत सहायकाने लिहिलेले एक ठरावीक वाक्य असते: कौटुंबिक जबाबदाऱ्यांनी मला वेळेचे नियोजन आणि चिकाटी शिकवली. त्यांनी जे सोसले आणि निभावले त्याविषयी मला पूर्ण आदर आहे, आणि म्हणूनच ते अशा वाक्यात गुंडाळलेले मला बघवत नाही. ‘मुलाच्या संगोपनासाठी २०२० ते २०२४ या काळात मी नोकरी केली नाही. आता मुलगा शाळेत जातो आणि मी पूर्णवेळ काम करू शकते’ एवढे लिहावे. या काळात टॅली शिकले असेल, भावाच्या दुकानाचे हिशेब पाहिले असतील, तर त्याचा तपशील द्यावा. खंडाबद्दल क्षमा मागण्याची गरज नाही.

‘एआयने लिहिलेले ओळखू येईल का?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. एआयचा मजकूर ओळखून देण्याचा दावा करणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःच असे एक साधन जानेवारी २०२३ मध्ये आणले आणि त्याची अचूकता कमी असल्याचे सांगून जुलैमध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली, तेव्हा मातृभाषा इंग्रजी नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निम्म्याहून अधिक निबंध त्या साधनांनी सरासरीने यंत्राचे ठरवले. मर्यादित शब्दसंपत्तीतले साधे इंग्रजी त्यांना यंत्राचे वाटते. म्हणजे आपल्या मुलांनी घाम गाळून स्वतः लिहिलेले इंग्रजीही उद्या यंत्राचे ठरू शकते. मनुष्यबळ विभागातल्या माझ्या सहकाऱ्यांना म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी असल्या साधनाने दिलेल्या आकड्यावर कोणाचा अर्ज बाजूला टाकू नये.

अर्जदारांनीही मजकूर ‘मानवी’ करून देणाऱ्या साधनांच्या मागे लागू नये. ती शब्दांच्या जागी शब्द ठेवतात, वाक्ये मुद्दाम वेडीवाकडी करतात आणि तपशील होता तेवढाच राहतो. पत्रात मुद्दाम शुद्धलेखनाच्या चुका पेरण्याचा सल्लाही काही जण देतात. तो मला अप्रामाणिक वाटतो. दूध फाटण्याच्या नोंदींची वही ज्या पत्रात आहे, ते पत्र कोणाच्या मदतीने लिहिले असा प्रश्न माझ्या मनात येतच नाही, कारण ती वही दुसऱ्या कोणाची असू शकत नाही. आणि कोणी विचारलेच, तर ‘भाषेसाठी एआयची मदत घेतली, काम माझे आहे’ असे सरळ सांगता येते. एखाद्या जाहिरातीत एआय वापरू नये असे लिहिलेले असेल, तर मात्र ते पाळावे.

लांबीबद्दल मतभेद असू शकतात, पण माझ्या मते अर्ध्या पानापेक्षा मोठे पत्र पाठवू नये. आमच्याकडे अनेक कारखान्यांत मालक स्वतः अर्ज वाचतात आणि तेही शॉप फ्लोअरवर फिरताना मोबाइलवर. सहायक मात्र चार-पाच परिच्छेद देतो आणि मायन्यात ‘डिअर हायरिंग मॅनेजर’ घालतो, ज्या पदाचा माणूस त्या कारखान्यात नसतोच. नाव ठाऊक असेल तर नाव लिहावे, नसेल तर ‘महोदय’ किंवा इंग्रजीत ‘डिअर सर ऑर मॅडम’ पुरेसे आहे. मसुदा झाल्यावर तो सहायकालाच परत द्यावा आणि म्हणावे, ‘यातले कोणते वाक्य दुसऱ्या कोणत्याही अर्जदाराच्या पत्रात चालेल ते दाखव.’ लिहिण्यापेक्षा तपासण्याचे हे काम तो अधिक चांगले करतो, असा माझा अनुभव आहे. मग पत्र मोठ्याने वाचावे, शक्य असल्यास घरातल्या कोणाला तरी मराठीत अर्थ सांगत वाचून दाखवावे. ज्या वाक्यावर ‘असं तू कधी बोलतोस?’ असे घरचे विचारतील, ते वाक्य पुन्हा लिहावे.

पत्र तयार झाल्यावर त्याचा आणखी एक उपयोग आहे आणि तो फार थोडे जण करून घेतात. मुलाखतीआधी तेच पत्र सहायकासमोर ठेवून ‘तू या कारखान्याचा क्वालिटी मॅनेजर आहेस, या पत्रातल्या प्रत्येक वाक्यावर मला दोन अवघड प्रश्न विचार’ असे सांगावे आणि उत्तरे मोठ्याने, स्वतःच्या शब्दांत द्यावीत. जेथे उत्तर देताना अडखळायला होते, ते वाक्य पत्र पाठवण्याआधीच गाळता यावे म्हणून ही उजळणी आधी केलेली अधिक बरी.

सहायकाला माहिती देताना आधार क्रमांक, पॅन, घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक यांतले काही द्यायचे कारण नाही. ते पत्रात शेवटी आपल्या हाताने लिहावे. आधीच्या कारखान्यातली ड्रॉइंग, ग्राहक कंपन्यांची नावे, भाव आणि रिजेक्शनचे अंतर्गत अहवाल तर मुळीच चिकटवू नयेत, कारण ती माहिती आपल्या मालकीची नसते आणि बहुतेक ठिकाणी ती गुप्त ठेवण्याचे आपण लिहून दिलेले असते. ‘ट्रॅक्टरच्या गिअर हाउसिंगचे इन्स्पेक्शन’ एवढे सांगितले तरी पत्राला पुरते. चॅटजीपीटीसारख्या सेवांच्या सेटिंग्जमध्ये आपले संभाषण मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरू न देण्याचा पर्याय असतो. काम सुरू करण्याआधी तो बघून घ्यावा. अंतिम पत्र पीडीएफ करून फाइलला स्वतःचे नाव आणि पदाचे नाव द्यावे, कारण ‘फायनल-न्यू’ नावाच्या फाइलींच्या गर्दीतून आम्हाला अर्जदार शोधावे लागतात, आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण मुलाखतीत आमच्या हातात तीच असते.